डॉक्टर, त्या रिपोर्टवरच्या प्लेटलेटही बघा

महाराष्ट्रातल्या सर्व फॅमिली डॉक्टरांना,

सप्रेम नमस्कार.

मी एका जिल्ह्याच्या गावी रक्तकेंद्रात समुपदेशक आहे. गणेश मंडळाचं शिबिर असो, शिवजयंतीचं असो की कुणा नेत्याच्या वाढदिवसाचं, जमा झालेल्या प्रत्येक पिशवीच्या पाच तपासण्या होतात: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया. त्यात काही निघालं की त्या दात्याला फोन करून बोलावायचं, दार लावून समोर बसवायचं, समजावायचं आणि पुढे पाठवायचं, हे माझं काम. एचआयव्ही निघाला तर पुढची वाट ठरलेली आहे. एचआयव्हीची औषधं देणारं एआरटी केंद्र आहे, तिथे नोंद होते, नाही गेला तर विचारणारं कुणीतरी असतं. हिपॅटायटिस बी, म्हणजे लिव्हरला सूज आणणारा विषाणू, निघाला की मी सिव्हिलच्या नावाने चिठ्ठी देते आणि तो माणूस ती घेऊन तुमच्याकडे येतो. येणारच. लहानपणी गोवर आला तेव्हाही तुम्हीच होतात. त्याच्या घरात शेवटचा शब्द तुमचा, म्हणून हे पत्र आरोग्यमंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

तुमच्याकडून परतलेला माणूस मला फोनवर साधारण एकच सांगतो. "मॅडम, डॉक्टर म्हणाले, कॅरियर आहेस, एसजीपीटी नॉर्मल आहे, काही करायचं नाही. फक्त दारू नको." म्हणजे विषाणू अंगात आहे पण आजार नाही, लिव्हरची रक्तचाचणी ठीक आहे, असं तो समजतो, आणि त्याचा जीव भांड्यात पडलेला असतो. सिव्हिलची चिठ्ठी पाकिटात घडी घालून राहते. पुढे त्याची आठवण निघते ती पोटात पाणी झाल्यावर किंवा रक्ताची उलटी झाल्यावर, आणि तेव्हा घरचे म्हणतात, "पण डॉक्टरांनी तर काही नाही म्हणून सांगितलं होतं."

तुम्हाला वैद्यक शिकवायचा माझा अधिकार नाही. मी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्य शिकलेली बाई. पण या कामात रिपोर्ट वाचावे लागतात, आणि रिपोर्ट वाचता वाचता एक गोष्ट सारखी खुपते ती सांगते.

समजा असा एक कागद आहे. पुरुष, वय ३४. एसजीपीटी ४४, लॅबने छापलेली कमाल मर्यादा ५०. एसजीओटी, म्हणजे तशीच दुसरी चाचणी, ५२, मर्यादा ४०. प्लेटलेट १ लाख ४५ हजार. एसजीपीटी हद्दीत आहे म्हणून त्यावर बरोबरची खूण. एसजीओटी जरासा जास्त, तो "कालच्या जेवणाचा असेल" म्हणून सोडलेला. प्लेटलेट किंचित कमी, त्याला पपईच्या पानांचा रस सांगितलेला, कारण आपल्याकडे प्लेटलेट कमी म्हटलं की डेंग्यूच आठवतो. आता यातलेच दोन आकडे घ्या. ५२ ला ४० ने भागा, १.३ आले. त्याला प्लेटलेटच्या हजारांनी, म्हणजे १४५ ने भागा आणि १०० ने गुणा. उत्तर ०.९ च्या आसपास. याला एप्री स्कोअर म्हणतात हे तुम्हाला ठाऊक आहे. मार्च २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हिपॅटायटिस बीच्या सूचना बदलल्या. त्यांनुसार एप्री ०.५ च्या वर असेल तर लिव्हरमध्ये दखल घ्यावी इतका फायब्रोसिस, म्हणजे जखमेच्या धाग्यांचा साठा, आहे असं धरायचं आणि औषध सुरू करायचं. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू किती, एसजीपीटी किती, याची वाट बघायची नाही. १ च्या वर गेला तर सिरोसिस, म्हणजे धाग्यांनी जखडलेलं लिव्हर, गृहीत धरायचा. म्हणजे ज्याला "काही करायचं नाही" म्हणून घरी धाडलं, तो सिरोसिसच्या उंबरठ्याजवळ उभा असू शकतो. हा हिशोब करायला जादा पैसे लागत नाहीत, नवीन तपासणी लागत नाही. दोन्ही आकडे तुमच्या टेबलावर आधीच पडलेले असतात.

एप्री कच्ची चाचणी आहे, हे मान्य. डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट खरोखरच डेंग्यूने उतरलेले असतात आणि स्कोअर उगीच वर जातो. तसं वाटलं तर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा करावी. उलट बाजूने, स्कोअर कमी आला म्हणजे लिव्हर ठणठणीत, असंही नाही. पण नुसत्या एसजीपीटीवर निकाल देण्यापेक्षा ती केव्हाही बरी.

एसजीपीटी म्हणजे आज घरात धूर किती आहे ते सांगणारा आकडा. आजवर भिंती किती जळल्या ते त्याला माहीत नसतं. लिव्हरच्या पेशी आज किती फुटताहेत एवढंच त्यातून कळतं. हिपॅटायटिस बीचा विषाणू स्वतः पेशी मारत नाही, हीच या आजाराची गोम आहे. तो पेशीत मुक्काम करून राहतो. केंद्रकात आपल्या डीएनएचं एक बंद कडं करून ठेवतो, ते आजच्या गोळ्यांनाही पुसता येत नाही. नासधूस करते ती आपलीच प्रतिकारशक्ती, त्या पेशी ओळखून मारायला गेल्यावर. हे रोज होत नाही. वर्षानुवर्षं सगळं शांत असतं, मग काही महिने धुमश्चक्री, पुन्हा शांत. प्रत्येक धुमश्चक्रीनंतर लिव्हरमधल्या स्टेलेट पेशी जाग्या होतात आणि जखम भरायला कोलॅजनचे धागे टाकतात. धाग्यावर धागा साचत जातो. आधी शिरांच्या भोवती, मग एका शिरेपासून दुसरीपर्यंत पूल, आणि शेवटी लिव्हरच्या मऊ पेशींच्या गाठी करून त्यांना चहूबाजूंनी वेढणारं जाळं. एफ शून्य ते एफ चार अशी मोजणी करतात. एफ चार म्हणजे सिरोसिस. एवढं सगळं होईपर्यंत माणसाला दुखत काहीच नाही, कारण लिव्हरच्या आतल्या भागाला दुखणं कळवणाऱ्या नसा नाहीत.

आता शांततेच्या काळात केलेली एसजीपीटी नॉर्मलच येणार, पण आधीचे धागे जागेवरच असतात. पार सिरोसिस झालेल्यातही एसजीपीटी हद्दीत सापडते, आणि तेव्हा बरेचदा एसजीओटी तिच्या वर असते. धाग्यांमुळे लिव्हरमधून रक्त जायला अडथळा येतो, प्लीहा फुगते, प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात. म्हणून तो सीबीसीमधला दुर्लक्षित आकडा लिव्हरविषयी एवढं बोलतो. शिवाय लॅबवाले एसजीपीटीची मर्यादा ४५, ५०, ५६ अशी आपापल्या मशीनप्रमाणे छापतात. हिपॅटायटिस बीसाठी जागतिक आरोग्य संघटना पुरुषांना ३० आणि बायकांना १९ धरते. वरच्या कागदातला ४४ मुळात नॉर्मल नव्हताच. २८ एसजीपीटीवाल्या बाईला "एकदम छान" म्हणणारे तर कितीतरी.

आणखी एक हिशोब वयाचा आहे. जन्मताना किंवा पहिल्या वर्षात लागण झाली तर शंभरातल्या साधारण नव्वद बाळांच्या शरीरात विषाणू कायमचा राहतो. धडधाकट मोठ्या माणसाला लागण झाली तर पाचांहून कमी जणांत राहतो, बाकीच्यांचा आपोआप जातो. म्हणजे शिबिरात सापडलेल्या, काहीच त्रास नसलेल्या तिशीतल्या मुलाचा आजार बहुधा त्याच्याच वयाचा असतो. आपल्या देशात ही लस सरकारी लसीकरणात आधी निवडक शहरांत आणि जिल्ह्यांत आली, सगळीकडे पोचली ती २०११-१२ च्या सुमाराला. आज रक्त द्यायला येणारी अठरा वर्षांवरची पिढी त्याआधी जन्मलेली. "आत्ताच तर निघालंय, बघू पुढे" हे वाक्य या माणसांना लागू पडत नाही. आत्ता निघाला तो फक्त रिपोर्ट.

तुमच्यातल्या काहींचं म्हणणं मी प्रत्यक्ष ऐकलं आहे: मोजून तरी काय करायचं, हा आजार बरा थोडाच होतो? विषाणू पूर्ण जाणं आजही विरळाच, हे खरं. पण धागे? टेनोफोविर ही विषाणू दाबणारी गोळी घेणाऱ्यांची बायोप्सी, म्हणजे लिव्हरचा तुकडा काढून तपासणी, सुरुवातीला आणि पाच वर्षांनी करून तुलना केलेला अभ्यास २०१३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोन्ही वेळचे तुकडे मिळाले असे ३४८ रुग्ण होते. त्यातल्या निम्म्याहून थोड्या जास्त जणांचा, ५१ टक्क्यांचा, फायब्रोसिस मागे हटला होता. सुरुवातीला ९६ जणांना सिरोसिस होता. पाच वर्षांनी त्यातले ७१ जण सिरोसिसच्या व्याख्येत बसत नव्हते. मला स्वतःला हे वाचून आश्चर्य वाटलं होतं, कारण सिरोसिस म्हणजे परतीचा रस्ता बंद, असंच आम्हाला प्रशिक्षणात सांगितलेलं. सगळ्यांचं मागे येत नाही. वजन फार असलेल्यांचं कमी येतं. पण रोजच्या एका गोळीने हे होतं, आणि ती गोळी एचआयव्हीच्या उपचारातली जुनी, भारतात जेनेरिक बनणारी आहे.

ती फुकट मिळते, हे मात्र लोकांना अजून माहीत नाही. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला. २८ जुलै हा बारूख ब्लूमबर्ग यांचा जन्मदिवस; हा विषाणू ज्याच्यामुळे सापडला ते ऑस्ट्रेलिया अँटिजेन, म्हणजे त्याच्या कवचाचं प्रथिन, त्यांनी शोधलं, त्यासाठी १९७६ चं नोबेल मिळालं. कार्यक्रमात बी आणि सी दोन्हींची तपासणी आणि औषधं ठरवून दिलेल्या सरकारी केंद्रांत मोफत आहेत. औषध कुणाला द्यायचं हे तिथले डॉक्टर त्यांच्या नियमावलीप्रमाणे ठरवतील. तुम्ही फक्त तिथवर पोचवायचं आहे. जगभरचं चित्र बघितलं तर जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२२ मध्ये २५ कोटी ४० लाख लोक या आजारासह जगत होते, त्यातल्या १३ टक्क्यांनाच तो आहे हे माहीत होतं आणि औषध जेमतेम ३ टक्के घेत होते. भारताचा वाटा २ कोटी ९८ लाखांचा. माझ्या समोर बसणारा दाता त्या नशीबवान १३ टक्क्यांतला असतो. पुढच्या ३ टक्क्यांत जायची त्याची वाट तुमच्या दवाखान्यातून जाते.

नव्या सूचनांत एक कलम आहे, त्याला फक्त तोंडी विचारणा लागते: रक्ताच्या नात्यात कुणाला लिव्हरचा कॅन्सर किंवा सिरोसिस होता का? हो म्हटलं, तर तेवढ्यावरही उपचार सुरू करता येतात. विचारताना "लिव्हरचा कॅन्सर" असं विचारलं तर सगळे नाही म्हणतात. "वडील कशाने गेले? काका?" असं विचारलं की मग येतं, "काविळीने गेले, पोटाला पाणी लागलं होतं." गावात अशा मरणाचा ठपका दारूवर ठेवून मोकळं होतात. दारू न पिणारेही त्यात असतात, त्यांना मेल्यावर दारुडं ठरवलं जातं.

आता बायकांविषयी, कारण यात मला सगळ्यात जास्त राग येतो. गरोदरपणात ही तपासणी होते. पॉझिटिव्ह निघाली की सगळी यंत्रणा बाळाभोवती फिरते आणि ते योग्यच आहे: चोवीस तासांच्या आत लसीचा पहिला डोस, जमलं तर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, विषाणू जास्त असेल तर शेवटच्या तीन महिन्यांत आईला टेनोफोविर. बाळ वाचतं. बाईला सांगतात, अंगावर पाजायला हरकत नाही, तेही बरोबर. आणि मग तिची फाईल बंद! गोळी बाळासाठी होती, ती बाळंतपणानंतर थांबते. थांबल्यावर काही जणींच्या लिव्हरला सूज उसळते, ती कुणी तपासत नाही. तिच्या लिव्हरचा फायब्रोसिस मोजायचं कुणाच्या मनातही येत नाही. दुसऱ्या बाळंतपणात पुन्हा तोच कागद, पुन्हा बाळाची काळजी. सासरी तिचं ताट वेगळं, पेला वेगळा. ताटातून हा आजार पसरत नाही, हे एकदा तुमच्या तोंडून तिच्या सासूला ऐकवा. माझ्या दहा वाक्यांपेक्षा तुमचं एक चालेल. नवऱ्याची, मुलांची आणि तिच्या माहेरच्या भावंडांची तपासणी करा. निगेटिव्ह निघतील त्यांना लसीचे तीन डोस.

लाज आणि भीती हा या आजाराचा अर्धा भाग आहे. कोकणातून आखातात जायला निघालेल्या पोरांचं मेडिकल याच एका तपासणीवर "अनफिट" होतं. लग्न मोडतात. एचआयव्ही असलेल्यांना नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध २०१७ चा कायदा आहे, हिपॅटायटिस बीवाल्यांसाठी तसा वेगळा कायदा नाही. त्यामुळे "धागे किती" यापेक्षा "निगेटिव्ह कसं होईल" हाच प्रश्न त्यांना मोठा वाटतो, आणि पांढरी कावीळ (गावात हिपॅटायटिस बीला असंच म्हणतात) मुळासकट घालवतो म्हणणाऱ्यांची चलती होते. कुणी गळ्यात काविळीची माळ घालतो, कुणी नाकात कडू रस सोडून पिवळं पाणी काढून दाखवतो. भुईआवळ्याची गोष्ट वेगळी. १९८८ मध्ये मद्रासच्या अभ्यासात त्याने निम्म्याहून जास्त जणांच्या रक्तातून ते अँटिजेन गेल्याचं लॅन्सेटमध्ये आलं होतं, लेखकांत खुद्द ब्लूमबर्गही होते. पुढच्या चाचण्यांत तसं काही सिद्ध झालं नाही. आणि गुळवेलीच्या काढ्याने लिव्हरला इजा झालेले रुग्ण कोरोनाच्या काळात मुंबईच्याच डॉक्टरांनी नोंदवले. तुमच्यापैकी काही जण स्वतः "लिव्हर टॉनिक" लिहून देतात. द्या हवं तर, पण त्या बाटलीने रुग्णाला वाटतं की उपचार सुरू झाले, आणि तो सिव्हिलला जात नाही.

लिव्हरचा कडकपणा मोजणारं फायब्रोस्कॅन सगळीकडे नाही, खाजगीत महाग आहे. जिथे होईल तिथे तीन तास उपाशीपोटी पाठवा. जेवून गेलं किंवा सूज भडकलेली असताना केलं तर आकडा फुगतो. ७ किलोपास्कलच्या वर उपचार, १२.५ च्या वर सिरोसिस धरायचा. नाही मिळालं, तर एप्री आहेच. आणि आज सगळं ठीक निघालं तरी सहा महिने ते वर्षभराने परत बोलवायचं. सिरोसिस असेल किंवा घरात कॅन्सर असेल तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, गोळी चालू असली तरी. हिपॅटायटिस बीमध्ये सिरोसिस नसतानाही कॅन्सर होतो. गोळी धोका कमी करते, शून्य करत नाही.

गोळीबद्दल एकच विनंती. "व्हायरल लोड निल आला, आता बंद करू का?" असं विचारायला लोक तुमच्याकडेच येतात. मनाने बंद केलेल्या गोळीनंतर लिव्हर एकाएकी निकामी होऊ शकतं. आणि सांधेदुखीला स्टिरॉइड किंवा कीमो लिहायच्या आधी ही जुनी तपासणी विचारा. दबलेला विषाणू अशा वेळी डोकं वर काढतो.

यंदाच्या शिबिरांपासून आमच्या चिठ्ठीच्या खालच्या बाजूला चार रकाने छापून घेतले आहेत: एसजीओटी, लॅबची कमाल मर्यादा, प्लेटलेट, आणि घरात कुणी लिव्हरच्या आजाराने गेलं का. तेवढे भरून चिठ्ठी माणसाच्या हाती परत द्या आणि त्याला सिव्हिलची ओपीडी कोणत्या वारी असते ते सांगा. भरायला सवड नसेल तर लॅबचा कागद चिठ्ठीला टाचून द्या, भागाकार मी करीन.

कळावे,

आपली,
एक रक्तकेंद्र समुपदेशक